वारा, मासे आणि सत्तावीस सामने

फेरो बेटांच्या अव्वल फुटबॉल लीगचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये आटोपतो. दहा संघ, प्रत्येकाचे २७ सामने, शेवटी एक विजेता आणि तळाचे संघ खालच्या विभागात. कागदावर पाहिले तर युरोपातल्या कोणत्याही लीगसारखीच ही लीग आहे. कागद मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरून पाहावा लागतो, कारण तिथे वारा फार असतो.

ही बेटे उत्तर अटलांटिक महासागरात आहेत. नॉर्वे, आइसलँड आणि स्कॉटलंड या तिघांनीही आपापल्या किनाऱ्यापासून लांब ढकलून दिल्यासारखी ती मधोमध पडली आहेत. बेटे एकूण १८, क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर, लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास. राजा डेन्मार्कचा, पण घरचा कारभार स्वतःचा. डेन्मार्क युरोपीय संघात आहे, फेरो नाही. फिफामध्ये मात्र दोघेही आहेत आणि वेळ आली की एकमेकांविरुद्ध खेळतातही. बेटांच्या नावाचा परंपरेने सांगितला जाणारा अर्थ 'मेंढ्यांची बेटे' असा आहे आणि तो आजही खोटा ठरलेला नाही. तिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आहेत. त्यांना लीगमध्ये प्रवेश नाही, एवढ्यावरच माणसांचा वरचष्मा टिकून आहे.

लोकसंख्येचा हा आकडा लीगच्या अभ्यासकाने सतत डोळ्यांसमोर ठेवावा. एका संघात २५ जण धरले तर दहा संघांचे २५० खेळाडू होतात. बाहेरून आणलेले थोडे परदेशी सोडले तर बाकीचे याच ५४ हजारांतून काढायचे असतात. म्हणजे दर २१६ माणसांमागे एक खेळाडू, आणि या २१६ जणांत आज्या, पाळण्यातली बाळे आणि गुडघे दुखणारे काकाही आले. एखाद्या घरात अव्वल लीगचा खेळाडू नसेल तर शेजारी असतो. शेजारीही नसेल तर तो बहुधा जावई म्हणून यायचा असतो. आडनावांचीही टंचाईच आहे. योएन्सेन, हान्सेन, याकोब्सेन, ओल्सेन या चार आडनावांवर बेटांनी बराचसा इतिहास निभावून नेला आहे. एका योएन्सेनने दुसऱ्या योएन्सेनकडे चेंडू दिला आणि तिसऱ्या योएन्सेनने तो अडवला, तर नवख्या श्रोत्याला कोणीतरी एकटाच खेळतो आहे असे वाटू शकते.

पंच निष्पक्ष असावा हे तत्त्व सर्वत्र मान्य आहे. फेरोतही ते मान्य आहे. मात्र ज्याची कोणाशीच ओळख नाही असा पंच हवा असेल तर तो विमानाने आणावा लागेल. त्यामुळे तिथल्या पंचाला दिलेला प्रत्येक निर्णय सोमवारी किराणा दुकानाच्या रांगेत पुन्हा एकदा द्यावा लागतो, या वेळी कारणांसहित.

२७ सामन्यांचे गणितही थोडे विचित्र आहे. दहा संघांनी एकमेकांशी दोनदा खेळावे, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा समोरच्याच्या, तर १८ सामने होतात आणि कोणाची तक्रार राहत नाही. पण १८ सामन्यांत मार्च ते ऑक्टोबर हा काळ भरत नाही. म्हणून प्रत्येक जण प्रत्येकाशी तीनदा खेळतो. तिसरा सामना कोणाच्या अंगणात, हा प्रश्न मग उरतोच, आणि २७ ही संख्या विषम असल्याने पाच संघांना घरचे १४ सामने मिळतात, पाच संघांना १३. जगात यापेक्षा मोठे अन्याय झाले आहेत. पण ते इतक्या जवळच्या लोकांनी एकमेकांवर केलेले नाहीत.

क्लबांच्या नावांकडे वळावे लागते. ती नावे नसून बहुतांशी आद्याक्षरे आहेत. राजधानी टॉर्सहाव्नचा एचबी म्हणजे 'बंदराचा चेंडूसंघ', आणि क्लाक्सविकचा केआय म्हणजे 'क्लाक्सविकचा क्रीडासंघ'. दोघांचाही जन्म १९०४चा, त्यामुळे कोण मोठा हा वाद वयावरून मिटत नाही. त्याहून जुना म्हणजे दक्षिणेकडच्या त्वेरोयरी गावचा टीबी. तो १८९२ पासून आहे. राजधानीतल्या दुसऱ्या क्लबचे नाव बी-३६, कारण तो १९३६ मध्ये निघाला. ही पद्धत सोयीची आहे. क्लबाचे नाव आणि जन्मदाखला एकाच ठिकाणी मिळतो आणि कवीला पाचारण करावे लागत नाही.

गावे लहान असल्याने क्लबांना अधूनमधून एकत्र नांदावे लागते. आइयी गावचा संघ आणि स्ट्रेमुर यांनी १९९३ मध्ये संसार थाटला आणि नावात मध्ये तिरकी रेघ ठेवली: ईबी/स्ट्रेमुर. ही रेघ म्हणजे एकाच घरात घातलेली दोन चुलींमधली भिंत होय. तरी हा संसार फळला; २००८ आणि २०१२ मध्ये विजेतेपद घरी आले. गोटाचा जीआय आणि लायर्विकचा एलआयएफ यांनी २००८ मध्ये अधिक शहाणपणा केला. दोघांनीही आपली अक्षरे टाकून 'विकिंगुर' असे तिसरेच नाव घेतले आणि रेघेचा प्रश्नच ठेवला नाही. सर्वांत धाडसी प्रयोग दक्षिणेच्या सुदुरोय बेटावर २०१७ मध्ये झाला. तिथे तीन क्लब एकत्र आले आणि तिघांपैकी एकानेही नावातला आपला हिस्सा सोडला नाही. परिणामी गुणतक्त्यात दोन तिरक्या रेघांसह एक लांबलचक नाव आले. पुढे ही मोट सुटली आणि वाटण्या झाल्या. एकत्र कुटुंबाचा अनुभव असलेल्या वाचकाला याहून अधिक तपशील लागू नये.

लीगच्या नावाचे प्रायोजकत्व आळीपाळीने वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले. कधी मोबाइल कंपनीचे नाव लागले, कधी पेट्रोल विकणाऱ्या कंपनीचे. नंतर ते 'बेत्री' नावाच्या बँकेकडे आले. फेरोईज भाषेत बेत्री म्हणजे 'अधिक चांगला'. त्यामुळे लीगचे नाव 'अधिक चांगला विभाग' असे झाले. कशापेक्षा, ते बँकेने सांगितलेले नाही.

इतिहास थोडक्यात सांगता येतो, एक वर्ष सोडून. लीग १९४२ मध्ये सुरू झाली. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात होता आणि फेरो बेटांवर ब्रिटिश सैन्य उतरलेले होते. युरोपातल्या बऱ्याच देशांच्या लीग युद्धामुळे बंद पडत असताना या बेटांनी आपली लीग काढली. पहिले विजेतेपद क्लाक्सविकच्या केआयने मिळवले. दुसऱ्या वर्षीही स्पर्धा व्यवस्थित झाली. मग आले १९४४. त्या वर्षीच्या रकान्यात विजेत्याचे नाव नाही. बॉम्ब पडले म्हणून नव्हे, खेळाडू आघाडीवर गेले म्हणून नव्हे. चेंडू नव्हते म्हणून. युद्धकाळात बाहेरून चेंडू येईनात आणि असलेले संपले. मैदाने होती, खेळाडू होते, पंच होते, वारा तर होताच. फुटबॉलला लागणाऱ्या वस्तूंपैकी फक्त फुटबॉल नव्हता. जगाच्या क्रीडा इतिहासात हंगाम रद्द होण्याची अनेक भारदस्त कारणे नोंदलेली आहेत. इतके प्रामाणिक कारण सहसा आढळत नाही.

मैदानांचा विषय गवताशी संबंधित आहे आणि इथे फेरोची मोठीच गंमत आहे. बेटांवर झाड औषधालाही नसावे अशी स्थिती, पण गवत उदंड. डोंगर हिरवे, दऱ्या हिरव्या; जुन्या पद्धतीच्या घरांच्या छपरावरसुद्धा माती घालून गवत वाढवलेले. नाही ते फक्त फुटबॉलच्या मैदानावर. पावसाने सपाट जागेचा चिखल होतो, म्हणून पूर्वी बारीक खडीच्या मैदानांवर खेळत आणि गुडघ्यांवर त्याच्या खुणा घेऊन फिरत. आता बहुतेक सर्वत्र कृत्रिम गवत आहे. थोडक्यात, गवत छपरावर खरे आणि मैदानावर प्लास्टिकचे, अशी कामाची वाटणी झाली आहे.

सपाट जागा हीच मुळात चैन आहे. टोफ्टिर गावात, जिथे आठ-नऊशे माणसे राहतात, तिथे सुरुंग लावून डोंगर फोडला आणि स्वांगास्कार्द नावाचे मैदान तयार केले. त्यात अख्खे गाव कितीतरी वेळा बसवता येईल. आइयी गावचे जुने मैदान समुद्राला खेटून होते. तिथे आडदांड बचावपटूने जोर लावून चेंडू बाहेर मारला की तो अटलांटिकच्या मालकीचा होई. आता त्या मैदानावर पर्यटक तंबू ठोकतात. राजधानीत एचबी आणि बी-३६ दोघांचेही घर गुंडादालुर येथे आहे. नाव ऐकून मराठी वाचकाने दचकण्याचे कारण नाही. दालुर म्हणजे दरी. शहरातल्या या दोन कट्टर वैऱ्यांना एकमेकांच्या घरी जायला फारसे चालावे लागत नाही. वैर मात्र शेकडो मैलांवर राहणाऱ्यांइतकेच ताजे आहे, किंबहुना अधिक, कारण रोज दिसते.

वाऱ्याला लीगचा बारावा खेळाडू म्हणता येईल, फक्त तो मध्यंतरानंतर पक्ष बदलतो. नाणेफेक जिंकणाऱ्या कर्णधाराला इथे खराखुरा विचार करावा लागतो. वाऱ्याच्या बाजूने खेळणाऱ्या संघाने हलका पास दिला तरी तो पुढच्या गावाला जातो. वाऱ्याविरुद्ध गोलरक्षकाने उंच मारलेला चेंडू थोडा वेळ वर थांबतो, विचार करतो आणि परत येतो. गोलकिकचा चेंडू उलटा येऊन मारणाऱ्याच्याच गोलमध्ये शिरला तर काय, याची तरतूद फुटबॉलच्या नियमपुस्तकात आहे: गोल धरत नाहीत, समोरच्या संघाला कॉर्नर देतात. हा नियम लिहिणारे फेरोला गेले नसतील, पण तिथे त्यांना समाधान वाटले असते.

पावसाची कथा वेगळी सांगायला नको. वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस तो येतो. सरासरी तापमान जुलैत ११ अंश आणि थंडीत तीन-चार अंश. म्हणजे उन्हाळा व हिवाळा यांत ऋतूचा फरक कमी आणि उजेडाचा जास्त. डिसेंबरात दिवस पाच तासांचा. जूनमध्ये रात्र पडायचे विसरते. हंगाम मार्च ते ऑक्टोबर ठेवण्यामागे हेच कारण आहे. जूनमध्ये रात्री दहा वाजता दिव्यांशिवाय सामना खेळता येतो, आणि पराभूत संघाला तोंड लपवायला अंधार मिळत नाही. जुलैअखेरीस ओलाव्सोका हा राष्ट्रीय सण येतो. तेव्हा सगळे लक्ष होड्यांच्या शर्यतींकडे असते, कारण तिथला राष्ट्रीय खेळ वल्हवणे हा आहे. फुटबॉलला लोकप्रियता मिळाली, मान वल्ह्याला.

प्रवासाचा भाग अलीकडे सुधारला. क्लाक्सविक हे बेटांवरचे दुसरे मोठे गाव, वस्ती पाच हजारांच्या घरात. २००६ मध्ये समुद्राखालून बोगदा निघेपर्यंत तिथे जायला फेरीबोट होती. २०२० च्या डिसेंबरात आणखी एक बोगदा उघडला: ११ किलोमीटर लांब, सर्वांत खोल जागी समुद्रसपाटीपासून १८७ मीटर खाली, आणि पोटात चक्क एक वाहतूक वर्तुळ. समुद्राखाली गोल चौक असलेला हा जगातला पहिला बोगदा. टॉर्सहाव्न ते रुनाविक हा तासाभराचा वळसा त्याने सोळा मिनिटांवर आणला. आता पाहुणा संघ महासागराखाली डावीकडे वळून सामन्याला जातो. सुदुरोयला मात्र अजून बोटच आहे, दोनेक तासांची. समुद्र खवळलेला असेल तर सामना सुरू होण्याआधीच अर्धा संघ पांढरा पडलेला असतो, आणि गणवेश कोणत्याही रंगाचा असला तरी त्यात फरक पडत नाही.

आता खेळाडूंच्या पोटापाण्याकडे. लीगमध्ये पूर्णवेळ पैसे घेऊन खेळणारे आहेत, पण बहुतेकांना दिवसाची नोकरी असते. सुतार, वीजतंत्री, शिक्षक, मासळीच्या कारखान्यातले कामगार, कॉलेजातले विद्यार्थी असा संघ जमतो आणि कामावरून सुटल्यावर सराव करतो. देशाची निर्यात जवळजवळ सगळी मासळीची. त्यामुळे लीगमधला कोणीही माशापासून फार तर एका नात्याच्या अंतरावर असतो. बाहेरच्या पत्रकारांना या नोकऱ्यांचे भारी कौतुक. सुताराने गोल केला की मथळा तयार असतो. त्या मथळ्यात एक गोष्ट मात्र निसटते. ज्याचे पोट फुटबॉलवर नाही, त्याला हरण्याची भीती घालता येत नाही. रविवारी पाच गोल खाल्ले तरी सोमवारी रंधा जागेवर असतो. समोरच्या बाकावर बसलेल्या पगारी प्रशिक्षकाची गोष्ट वेगळी. फेरोच्या फुटबॉलने आपल्या माणसांच्या नोकऱ्या सहसा घालवल्या नाहीत. दुसऱ्यांच्या मात्र घालवल्या, आणि चांगल्या मोठ्या घालवल्या.

पहिली नोकरी १९९० मध्ये गेली. फिफात प्रवेश १९८८चा. त्यानंतर राष्ट्रीय संघाचा पहिला स्पर्धात्मक सामना १२ सप्टेंबर १९९० रोजी ऑस्ट्रियाशी ठरला. ऑस्ट्रिया त्याच उन्हाळ्यात विश्वचषक खेळून आलेला. फेरोत गवताचे मैदान नसल्याने घरचा सामना स्वीडनमधल्या लान्सक्रोना गावी भरवावा लागला. म्हणजे यजमानही पाहुणेच. गोलमध्ये येन्स मार्टिन क्नुडसेन उभा होता. हा मासळीच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणारा, आणि डोक्यावर गोंडा असलेली पांढरी लोकरीची टोपी. पूर्वी डोक्याला मार लागला होता म्हणून ती टोपी. लाकूड विकण्याची नोकरी करणाऱ्या आणि फावल्या वेळात बुद्धिबळात रमणाऱ्या टोर्किल नील्सेनने उत्तरार्धात गोल केला, टोपीने बाकीचे सांभाळले, आणि सामना १-० असा संपला. ऑस्ट्रियाचे प्रशिक्षक योसेफ हिकर्सबर्गर यांनी पद सोडले. क्नुडसेनची फोर्कलिफ्ट जागेवरच होती.

दुसरी नोकरी २०१४ मध्ये. फेरोने ग्रीसला ग्रीसमध्येच १-० असे हरवले आणि ग्रीकांनी प्रशिक्षक क्लाउडिओ रानिएरी यांना घरी पाठवले. त्यांनी पुढे इंग्लंडमध्ये लेस्टर सिटी या संघाला २०१६ मध्ये विजेतेपद मिळवून दिले. फेरोकडून हरणे म्हणजे संपणे नव्हे, असा दिलासा त्यातून इतर प्रशिक्षकांना मिळाला. ज्यांना तो पुढे कामी येणार होता, त्यांना तेव्हा त्याची कल्पना नसावी.

या दोन्ही गोष्टी राष्ट्रीय संघाच्या. लीगमधल्या क्लबांची बाहेरची कामगिरी बराच काळ अशी होती की जुलैत विमानाने जायचे, हरायचे आणि ऑगस्टच्या आधी परत येऊन नोकरीवर हजर व्हायचे. रजा वाया जात नसे. करोनाच्या वर्षी चित्र थोडे हलले. २०२० च्या वसंतात युरोपातली मैदाने ओस पडली होती. फेरोने मात्र ९ मे रोजी लीग सुरू केली. त्यामागे एक मासा होता. सामन माशांच्या शेतीत विषाणूंचा उपद्रव होतो, म्हणून त्यांच्या तपासणीसाठी बेटांवर आधीच प्रयोगशाळा होती. माशांसाठीचे यंत्र माणसांसाठी वापरले, मोठ्या प्रमाणावर चाचण्या झाल्या आणि साथ लवकर आटोक्यात आली. सामन्यांना उपाशी असलेल्या नॉर्वेतल्या एका वाहिनीने लगोलग प्रक्षेपणाचे हक्क घेतले. तो हंगाम एचबीने जिंकला. ते त्यांचे चोविसावे विजेतेपद. मासळीचा वाटा किती, हे तक्त्यात दाखवलेले नाही.

त्याच ऑगस्टमध्ये क्लाक्सविकच्या केआयसमोर चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा हा संघ आला. बेटावर उतरल्यावर त्यांच्या चमूत करोनाबाधित सापडले. क्लबने घाईने दुसरा संघ विमानाने धाडला. त्यातही एक बाधित निघाला. सामना झालाच नाही आणि केआयला ३-० असा विजय बहाल झाला. पुढच्याच महिन्यात त्यांनी डायनामो तबिलिसीला ६-१ असे खरोखर खेळून हरवले, तेव्हा आधीच्या विजयाची थट्टा करणाऱ्यांना विषय बदलावा लागला.

आणि मग २०२३. या हंगामाचे वर्णन दोन वह्यांत करावे लागते. एका वहीत घरची लीग: त्याच नऊ संघांशी तीन-तीनदा भेटणे, तोच वारा, तोच बोगदा. दुसऱ्या वहीत युरोप. केआय गतविजेते म्हणून चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत गेले आणि पहिल्याच फेरीत हंगेरीचा फेरेन्तस्वारोश समोर आला. नाव उच्चारतानाच धाप लागावी असा हा संघ, आणि बुडापेस्टमधल्या त्यांच्या मैदानात क्लाक्सविकची सगळी माणसे चार वेळा बसवली तरी जागा उरेल. क्लाक्सविकमधला पहिला सामना गोलशून्य. १९ जुलैला बुडापेस्टमध्ये केआयने ३-० असे जिंकले. फेरेन्तस्वारोशचे प्रशिक्षक स्तानिस्लाव चेर्चेसोव होते. २०१८ मध्ये रशियाला विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेणारे गृहस्थ ते हेच. सामन्यानंतर त्यांची उचलबांगडी झाली. बुडापेस्टमध्ये या घटनेला काय म्हणतात ते सांगण्यासारखे नाही. क्लाक्सविकमध्ये तिला तिसरी नोकरी म्हणता येईल.

पुढची फेरी स्वीडनच्या विजेत्या हेकेनशी. घरी ०-०, तिथे ३-३, आणि पेनल्टींवर केआय पुढे. मग नॉर्वेच्या मोल्डेला घरी २-१ असे नमवले, पण परतीच्या सामन्यात जादा वेळेत गाडी अडली. हरलेल्याला एक पायरी खाली जागा देण्याची युरोपीय फुटबॉलची पद्धत उदार आहे. केआय युरोपा लीगमध्ये आले, मोल्दोवाच्या शेरीफकडून हरले, आणखी एक पायरी उतरले आणि कॉन्फरन्स लीगच्या गटात पोहोचले. दोनदा घसरून वर गेल्याचे हे उदाहरण तर्कशास्त्राच्या वर्गात उपयोगी पडेल. युरोपीय स्पर्धेच्या गटात खेळणारा हा पहिला फेरो क्लब. नुसत्या प्रवेशाचे जवळपास २९ लाख युरो मिळाले. पाच हजार वस्तीच्या गावात ही रक्कम आली की तिचा भागाकार सर्वांनी मनातल्या मनात करून झालेला असतो.

गटात फ्रान्सचा लील, स्लोव्हेनियाचा ऑलिम्पिया आणि, दैवाने हसावे तसा, तोच स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा. आता एक अडचण आली. क्लाक्सविकचे मैदान या टप्प्याच्या नियमांत बसेना. म्हणून केआयला घरचे सामने टॉर्सहाव्नच्या राष्ट्रीय मैदानावर खेळावे लागले. म्हणजे एचबी आणि बी-३६च्या दारात, वर्षानुवर्षे ज्यांना शिव्या घातल्या त्यांच्या गावात. राजधानीच्या प्रेक्षकांनाही एका रात्रीपुरते क्लाक्सविकच्या बाजूने ओरडावे लागले. हे त्यांनी केले, पण पुढच्या लीग सामन्यात त्याची वसुली होणार हे दोघांनाही ठाऊक होते. ऑलिम्पियाला ३-० हरवले, लीलला ०-० रोखले, बाकीचे चार सामने गेले. चार गुण, गटात शेवटचे स्थान. लीलसारख्या संघाला ज्या दिवशी गोल करू दिला नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी क्लाक्सविकमधली कामे वेळेवर सुरू झाली असतील असे मानण्यास जागा आहे, पण फारशी नाही.

यादरम्यान घरचे विजेतेपद केआयने पुन्हा घेतले. त्या वर्षी त्यात रहस्य उरले नव्हते. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, विकिंगुरने ते त्यांच्याकडून काढून घेतले. युरोपला हादरवणाऱ्याला शेजारच्याने पाडावे हा लहान गावचा न्याय तिथेही लागू आहे. चौथी नोकरीही नोंदवायला हवी. १२ ऑक्टोबर २०२५ रोजी राष्ट्रीय संघाने चेक प्रजासत्ताकाला टॉर्सहाव्नमध्ये २-१ असे हरवले आणि काही दिवसांत चेक प्रशिक्षक इव्हान हाशेक यांना जावे लागले.

विजयोत्सवाबद्दल एक तळटीपवजा माहिती. बेटांवर १९९२ पर्यंत दारूविक्री बंद होती. डेन्मार्कहून मागवता येई, पण ज्याची कराची थकबाकी नसेल त्यालाच. त्यामुळे त्या काळातल्या विजेत्या संघाच्या समर्थकांची भक्ती किती, याआधी त्यांचा करभरणा किती, हे पाहावे लागे. क्लाक्सविकमध्ये १८८८ पासून बीअरची भट्टी आहे, तिच्या बाटलीवर मेंढ्याचे चित्र आहे. सौम्य बीअरवर समाधान मानणाऱ्यांची सोय तेवढी गावातच होती.

ऑक्टोबरमध्ये हंगाम संपतो. नेमक्या त्याच सुमारास मेंढ्या कापण्याचा काळ येतो, आणि मांस लाकडी फटींच्या खोपटांत टांगले जाते. फटींतून शिरणारा खारा वारा ते महिनोन्महिने वाळवतो आणि मुरवतो. ज्या वाऱ्याने सात महिने चेंडू पळवला तोच हिवाळाभर हे काम करतो. तिथे कोणी त्याला नावे ठेवत नाही.

प्रत्यक्ष सामना पाहायचा असल्यास मार्च ते ऑक्टोबर या काळात जावे, सुदुरोयला जायचे तर आदल्या दिवशीची बोट धरावी, आणि छत्री नेऊ नये.